खिडकी अण्णांच्या नावावर

आमच्या घरात झाडू आणला तरी बिलावर नाव अण्णांचं पडतं. वीज अण्णांच्या नावावर, नळ अण्णांच्या नावावर, गॅस अण्णांच्या नावावर. शाळेत शिकवते मी, पगार माझा, घर चालवते मी, आणि दुकानात "नाव काय लिहू?" असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून माझ्या वडिलांचं नाव बाहेर पडतं. याची मला कुणी सक्ती केलेली नाही. देवळाली प्रवरातल्या मुलींना हे बाळकडूच मिळतं, ख्रिस्ती असोत की आणखी कुणी. आई होती तेव्हा तीही हेच करायची, आणि तिच्या शिलाई मशीनच्या बिलावरसुद्धा अण्णांचं नाव आहे. अण्णांना सुईत दोरा ओवता येत नाही.

तर नव्या खिडक्यांचं बिलही त्यांच्याच नावावर झालं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

खिडक्या बदलायचं कारण अण्णांची छाती. अण्णांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते आणि वाऱ्याच्या मनाला येईल तिथं पडते. वाळत घातलेल्या धोतरावर, दह्यात, चर्चमधल्या पांढऱ्या पडद्यावर. आम्ही लहान असताना आई चादर झटकता झटकता म्हणायची, "आले बघा तुमचे अण्णा." आता अण्णा निवृत्त होऊन जमाना झाला, तरी काजळी काही त्यांना विसरलेली नाही. दर हिवाळ्यात येते आणि थेट छातीत जाऊन बसते. मागच्या हंगामात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आणखी एक हिवाळा असाच गेला तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. झोपायची खोली नीट बंद होणारी हवी, आणि सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप तोंडानं ओढायला हवा.

पंपाला अण्णांचा ठाम नकार. "पंप येकदा तोंडाला लागला की सुटत न्हाई. दारूवानी असतंय ते." दारू अण्णांनी जन्मात चाखलेली नाही, पण तिच्याबद्दलचं त्यांचं ज्ञान दांडगं आहे. पंप कपाटात गेला. उरली खोली.

आमच्या जुन्या खिडक्या आंब्याच्या लाकडाच्या. पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात आक्रसायच्या, आणि वाळवी बाराही महिने. फटींमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या खोचलेल्या असायच्या. समोरचं दारही त्याच वयाचं आणि त्याच तब्येतीचं. पुण्याच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "सगळंच बदलून टाक, आजकाल प्लास्टिकच्या चौकटी येतात, चांगली वॉरंटी देतात." भावाचा सल्ला नेहमीच उत्तम असतो. पुण्याहून द्यायचा असल्यामुळे त्याला धूळ लागत नाही.

मी अण्णांना घेऊन श्रीरामपूरला शोरूममध्ये गेले. शोरूमचे शेठ तोंडात साखर घेऊन जन्माला आलेले. एका खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, ही खिडकी न्हाई, भिंत हाय भिंत. फकस्त आरपार दिसती." मग त्यांनी खिडकी उघडून बाहेरच्या टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवायला लावला, खिडकी बंद करून पुन्हा वाजवायला लावला, आणि अण्णांना विचारलं, "आला का आवाज?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

शेठनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. अण्णांना उघड्या खिडकीतूनही टेम्पो ऐकू आला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसाचा आनंद का घालवा?

"गॅरंटी किती वर्षांची?" मी विचारलं.

"गॅरंटी न्हाई ताई, वॉरंटी. पंधरा वर्सं."

"फरक काय?"

"गॅरंटी म्हंजी माल खराब निघाला की कंपनी काय बी न इचारता बदलून देनार. वॉरंटी म्हंजी कंपनी आदी इचारनार."

"काय विचारणार?"

"ते कार्डावर हाय समदं."

कार्ड सुबक होतं. त्यावर हसणारं कुटुंब होतं, आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून एक हिरवागार डोंगर दिसत होता. ऊस नाही, धुराडं नाही. आत मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं. पंधरा वर्षांची मुदत ग्राहकाला बहुधा हे कार्ड वाचून व्हावं म्हणूनच दिलेली असावी.

"नाव काय टाकू?" शेठनी पेन उघडलं. मी अण्णांचं नाव सांगितलं. अण्णा खुर्चीत ताठ झाले आणि त्यांनी टोपी सारखी केली. बिलावर स्वतःचं नाव पडताना ते नेहमी असे बसतात, जणू कुणी फोटोच काढतंय.

मे महिन्यात खिडक्या बसल्या, दार बसलं. घर एकदम दुसऱ्याचं वाटायला लागलं. मग गल्ली बघायला आली.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. नवी वस्तू एका घरानं घ्यायची आणि बाकीच्यांनी ती वर्षभर बघायची. त्या घराचं भलं झालं तर सगळ्यांनी घ्यायची, वाटोळं झालं तर सगळ्यांनी "आमी म्हनलंच हुतं" असं म्हणायचं. पाण्याचा फिल्टर असाच आला, गच्चीवरची सोलरची टाकी अशीच आली. खिडक्यांच्या बाबतीत तो मान आमचा होता. बायका येत, खिडकी सरकवून बघत, पुन्हा सरकवून बघत. समोरच्या काकूंनी तर शेठकडे बयाणाही देऊन ठेवला, पण सांगून ठेवलं, "हंगाम जाऊ द्या येक. यांच्या घरात काजळी न्हाई आली, तर आमाला बी बसवा."

उन्हाळा तापला, पाऊस जेमतेम झाला, आणि कारखान्याचा भोंगा झाला. मी अण्णांच्या पलंगावर मुद्दाम धुतलेली पांढरी चादर घातली. सकाळी पाहते तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून चादरीपर्यंत काळी रेघ उतरलेली. कोपऱ्यातलं रबर उन्हाळ्यात आखडलं होतं, आणि तिथं करंगळी जाईल एवढी फट पडली होती. सगळं घर बंद, आणि नेमकी अण्णांच्या उशाची खिडकी उघडी. अण्णा उठून बसले होते आणि खोकत होते. तो खोकला मागच्या वर्षीपासून माझ्या ओळखीचा आहे. मला फार भीती वाटली. भीती वाटली की मी चिडते. मी कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात जिल्हा विचारला. मी म्हणाले, अहिल्यानगर. असा जिल्हा यादीत नाही, म्हणाल्या. मग मी अहमदनगर म्हणाले. तो सापडला, पण तिथं आमचं नाव सापडेना, कारण शेठनी बिलावर जिल्ह्याचं नवं नाव लिहिलं होतं. नव्या नावाचा ग्राहक होता पण त्याला जिल्हा नव्हता, जुन्या नावाचा जिल्हा होता पण त्यात मी नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, आपण दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात राहता का?" मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

मग बसले कार्ड वाचायला, अण्णांचं भिंग घेऊन. काच फुटली तर वॉरंटी नाही. चाकं झिजली तर नाही. भिंत हलली तर नाही, आणि आमच्या काळ्या मातीत भिंत न हललेलं घर मला कुणी दाखवावं. भूकंप, पूर, युद्ध झालं तर नाही. युद्धात मी खिडकीचं रबर बदलून मागेन अशी भीती कंपनीला का वाटावी कुणास ठाऊक. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, की बिलावर ज्याचं नाव आहे तो माणूस हयात असेपर्यंत आणि त्याच घरात राहत असेपर्यंतच ही वॉरंटी चालेल. वारसांना ती मिळणार नाही.

मी शेठना फोन करून विचारलं, याचा अर्थ मला वाटतो तोच आहे का.

"व्हय ताई," शेठ म्हणाले. "पर अण्णा हायेत तवर काळजी न्हाई."

ते मी भावाला सांगितलं, आणि तो पुण्याहून ओरडला, "ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या नावावर पंधरा वर्षांची वॉरंटी कुणी घेतं का?"

"तुझ्या फ्लॅटच्या दारावर पाटी कुणाच्या नावाची आहे?" मी विचारलं.

पाटी अण्णांच्या नावाची आहे. अण्णा त्या फ्लॅटमध्ये एकदाच गेले होते आणि लिफ्टला घाबरून दुसऱ्याच दिवशी परत आले होते.

"बस झालं," मी म्हणाले. "यापुढे या घरात टाचणी आली तरी माझ्या नावावर येईल." शिक्षिका असल्यामुळे माझा आवाज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो. अण्णांना टेम्पो ऐकू येत नाही, पण त्यांच्याबद्दल बोललेलं बरोबर ऐकू येतं. ते दारात उभे होते.

"म्हंजी मी हाय तवर खिडकी हाय?"

"तसं काही नाही अण्णा."

"आन मी गेलो की कंपनी मोकळी?"

अण्णा मान हलवत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीतून फुस्स असा आवाज आला. जाऊन पाहते तर अण्णा पलंगावर बसलेले, तोंडात पंप, गाल फुगलेले, श्वास रोखून डोळे वटारलेले. श्वास सोडल्यावर त्यांनी पंपाकडे संशयानं पाहिलं.

"दारूवानी असतंय ना ते?" मी विचारलं.

"आसू दे. कंपनीची जिरवायची हाय. पंधरा वर्सं जगून दाखवतो."

डॉक्टरांना जे जमलं नाही, मला जे रडून जमलं नाही, ते मुंगीच्या पावलांएवढ्या एका ओळीनं जमवलं. अण्णा पंप ओढायला लागले. संध्याकाळी फिरायला जायला लागले. चहात साखर कमी करा म्हणाले, आणि हे साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसानं म्हणावं! निवृत्तीनंतर घरात आपला काही उपयोग नाही असं त्यांना वाटायचं. आता अख्ख्या घराची दारं-खिडक्या त्यांच्या श्वासावर उभी होती. गल्लीतले लोक येऊन विचारत, "अण्णा, बरं हाय ना?" आणि विचारता विचारता त्यांची नजर खिडकीकडे जायची. भाऊ एरवी रविवारी फोन करायचा, तो रोज करायला लागला. खिडकीसाठी का होईना, केला. मला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

शेवटी कंपनीचा साहेब पाहणीला आला. त्याच्या हातात टॅब होता आणि बुटांना धूळही लागलेली नव्हती. त्यानं आधी अण्णांना खिडकीशेजारी बसवलं, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरायला लावलं आणि फोटो काढला. ग्राहक हयात आहे आणि इथंच राहतो, याचा पुरावा. अण्णांना यात काही वावगं वाटलं नाही.

"पेन्शनला बी दर साली हेच दाखवावं लागतंय," ते म्हणाले, "का मी मेलो न्हाई म्हनून."

मग साहेबानं खिडकी तपासली. पहिल्याच झटक्यात त्याला चौकटीच्या वरच्या बाजूला स्क्रू सापडला. दर नाताळला अण्णा त्यांच्या खोलीच्या खिडकीत कागदी चांदणी लावतात आणि आत दिवा सोडतात. खिडकी नवी आली म्हणून चांदणी काय रस्त्यावर लावायची? त्यांनी हंगामाआधीच भोक पाडून स्क्रू बसवून ठेवला होता.

"हे अनधिकृत ड्रिलिंग आहे," साहेब म्हणाला.

"भोक वर हाय, काजळी खालनं येतीया," अण्णा म्हणाले.

साहेबानं टॅबवर काहीतरी टिपलं. मग म्हणाला, रबर हा वापरानं झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत बसत नाही. मी म्हणाले, ते झिजलेलं नाही, आखडलंय. तो म्हणाला, आखडणं हवामानात मोडतं. शिवाय हा औद्योगिक धुराचा परिसर आहे.

"मग तुमच्या वॉरंटीत बसतं तरी काय?" मी विचारलं.

"चौकटीचा रंग उडाला तर बसतं."

"उन्हानं?"

"ऊन सोडून दुसऱ्या कारणानं."

अण्णांना हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. तो थांबेना. मी त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं, आणि त्या साहेबाला म्हणाले, "हा खोकला तुमच्या यादीत कशात मोडतो तेवढं सांगून जा." तो बूट झटकत गेला. मी ओला टॉवेल पिळून कोपऱ्यात कोंबला. सकाळी टॉवेल काळा व्हायचा, धुऊन पुन्हा कोंबायचा. एवढं सगळं करून अण्णांचा हिवाळा निभेल की नाही, हे मला कळत नव्हतं.

आणि मग नाताळ आला.

नाताळला आमच्याकडे सगळी गल्ली फराळाला येते. हिंदू शेजारी दिवाळीला करंज्या देतात, त्यांची परतफेड आमच्या करंज्यांनी होते. चर्चचे लोक येतात, राहुरीचे, श्रीरामपूरचे नातेवाईक येतात. अण्णांनी लग्नातला कोट घातला, अनधिकृत स्क्रूवर चांदणी चढवली आणि खुर्ची खिडकीच्या त्या कोपऱ्याशी लावून बसले. टॉवेल त्यांनी मुद्दाम काढून ठेवला होता. पाहुणा आत आला की अण्णा त्याला नमस्कार करायचे, मग फटीवरून बोट फिरवायचे, काळं झालेलं बोट त्याच्यापुढे धरायचे आणि पांढऱ्या रुमालाला पुसायचे. बोलायचे काही नाहीत. बोट बघितल्यावरच त्याला करंजी मिळायची. चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा आधी बोट पाहिलं आणि मग प्रार्थना केली. संध्याकाळपर्यंत रुमाल तव्यासारखा झाला. मी दोनदा तरी ओरडले, की अण्णा, तुमच्या छातीत जातंय ते, तर म्हणाले, "पंप वडलाय मी सकाळी."

समोरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी बयाणा परत मागितला. मग गल्लीतल्या एका मास्तरांनी खिडक्या घ्यायचा विचार बदलला. मग श्रीरामपूरच्या आमच्या मावसबहिणीनं शोरूममध्ये जाऊन, खिडकीच्या कोपऱ्यावर बोट फिरवून, शेठना ते दाखवलं म्हणे. कार्डावर लिहिलेल्या कुठल्याच ओळीनं जे झालं नसतं, ते करंज्यांनी झालं. नवीन वर्ष लागून काही दिवस झाले नाहीत तोच शेठ स्वतः टेम्पो घेऊन दारात. टेम्पोत नवी खिडकी.

"कंपनीचं सोडा ताई," शेठ म्हणाले. "कंपनी तिकडं लांब बसती. मला हितं तोंड दाखवायचं हाय."

जुनी खिडकी निघाली, नवी बसली. या वेळी रबर जाड होतं आणि कोपऱ्यात नीट सांधलेलं होतं. अण्णांनी खुर्ची ओढली आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. पुन्हा फिरवलं. ते जरासे हिरमुसलेच. मी मात्र त्या बोटाकडे बघत राहिले आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

शेठनी चहा घेतला, उरलेली करंजी खाल्ली आणि खिशातून नवं कार्ड काढलं. तेच हसणारं कुटुंब, तोच हिरवा डोंगर. "खिडकी नवी, तवा वॉरंटी बी नवी. आजपासनं पंधरा वर्सं." त्यांनी पेन उघडलं, आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "ताई, या टायमाला तुमचं नाव टाकू का? न्हाई, कसं हाय, अण्णांचं आता वय..."

बरोबर होतं त्यांचं. हेच मी भावाला बजावलं होतं, शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, टाचणीसुद्धा माझ्या नावावर येईल म्हणाले होते. कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. शेठ हळू बोलले होते, पण अण्णांनी ऐकलं होतं. त्यांचा हात टोपीपर्यंत गेला होता आणि तिथंच थांबला होता.

माझं नाव सांगायचं म्हणजे अण्णांच्या देखत लिहून द्यायचं, की या पंधरा वर्षांत ते नसतील. मला ते ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. पण ते माझ्या तोंडून निघेना.

"अण्णांचंच टाका," मी म्हणाले.

शेठनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि लिहिलं. अण्णांनी टोपी सारखी केली. थोडा वेळ ते नव्या काचेतून कारखान्याच्या धुराड्याकडे बघत राहिले, आणि मग मागं न वळता म्हणाले,

"पंप कुटं ठिवला गं? सकाळचा ऱ्हायलाय."